ताशाच्या काड्या आणि ड्रमच्या स्टिक

पाच वर्षं पथकात ताशा वाजवल्यावर मला वाटलं होतं, ड्रम म्हणजे दोन महिन्यांचं काम. मनगट तयार, लय अंगात, तर्री, म्हणजे ताशावरची ठोक्यांची सलग झड, तर झोपेतही यायची. पहिल्या दिवशी सरांनी मला ड्रमसेटजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. समोर रबराची एक गोल थाळी ठेवली आणि म्हणाले, "एकेक ठोका. उजवा, डावा. मिनिटाला साठ." मी सुरू केलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी माझ्या हातातली स्टिक दोन बोटांनी ओढून बघितली. ती निघाली नाही.

"निघायला हवी," ते म्हणाले. "एवढी काय आवळून धरलीयस, चोरीला जाणारे का?"

त्या एका वाक्याचा अर्थ हाताला कळायला मला जवळपास वर्ष लागलं. आता पथकातली, ऑफिसातली मुलंमुली विचारतात, ड्रम शिकायचाय, सुरुवात कुठून करू? त्यांना तोंडी सांगून सांगून जे साचलंय ते लिहून काढतोय. मी मोठा वादक नाही. दिवसा नोकरी करतो, शनिवार-रविवार दोन बँडमध्ये वाजवतो. पण केलेल्या चुका अजून ताज्या आहेत, तेवढंच माझं भांडवल.

आधी स्टिक. दुकानात गेलात की ७ए, ५ए, ५बी, २बी अशी नावं दिसतील. आकडा जितका लहान तितकी स्टिक जाड, हे उलटं गणित डोक्यात बसवा. अक्षरांचं असं सांगतात की ए म्हणजे वाद्यवृंदाची, बी म्हणजे बँडची आणि एस म्हणजे रस्त्यावरच्या संचलनाची. आज त्यातून उरलेला उपयोगी अर्थ एवढाच, की ५ए पेक्षा ५बी थोडी भरते. ५ए साधारण १४ मिलिमीटर जाड आणि चाळीस-एकेचाळीस सेंटिमीटर लांब असते. नवशिक्यानं तीच घ्यावी. हात फार लहान असेल किंवा मूल शिकणार असेल तर ७ए.

मी काय घेतलं? २बी. ताशाच्या काड्या बारीक, तेव्हा इथे तरी दणदणीत काहीतरी हवं असं वाटलं. दोन आठवड्यांत मनगट असं धरलं की ऑफिसात माउस हलवताना दुखायचं. सरांनी काही न बोलता स्वतःची ५ए दिली आणि माझी जोडी कपाटावर टाकली. ती बहुतेक अजून तिथेच असेल.

लाकूड बघा. हिकरी हे उत्तर अमेरिकेतलं झाड. त्याच्या स्टिक धक्का बऱ्यापैकी पोटात घालतात, म्हणून बहुतेक जण त्याच वापरतात. मेपल हलकी, ओक जड. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या, कुठल्या लाकडाच्या ते लिहिलेलं नसतं अशा जोड्या सुरुवातीला चालतात, पण हाय-हॅटच्या, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजांच्या, कडेवर घासून त्यांचा भुसा लवकर होतो. घेताना लाजू नका. दोन्ही स्टिक काउंटरच्या काचेवर लोळवून बघा. डुगडुगली तर वाकडी. मग एकेक करून त्याच जागी हलकेच आपटा. दोघींचा सूर वेगळा लागला तर वजन सारखं नाही, दुसरी जोडी मागा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. टोक लाकडी की नायलॉनचं हा वाद पुढचा. नायलॉनचं टोक झांजेवर जास्त चकचकीत वाजतं आणि सहसा झिजत नाही, लाकडी जरा मऊ बोलतं.

आता पकड. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

स्टिकच्या जाड टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ती धरा. बाकीची तीन बोटं फक्त लागलेली, आवळलेली नाहीत. आता स्टिक पॅडवर, म्हणजे त्या रबराच्या थाळीवर, एकदा टाका आणि तिला उड्या मारू द्या. टप, टप, टपटपटप. चिमूट थोडी पुढे-मागे सरकवून पुन्हा टाका. जिथे सगळ्यात जास्त उड्या मिळतील ती तुमच्या स्टिकची जागा. हे घरी रोज पाच मिनिटं नुसतं खेळा. चेंडू टप्पे खातो तेव्हा आपण त्याला दर वेळी उचलून वर नेत नाही, तो आपला आपण येतो आणि आपण फक्त पुन्हा खाली ढकलतो. स्टिकचंही तेच. ताशाची काडी इतकी हलकी की मी ती मुठीत धरून, दर ठोक्याला स्वतः वर उचलून वाजवायचो आणि ते खपून जायचं. ड्रमच्या स्टिकनं ते खपवून घेतलं नाही. दोन तासांच्या कार्यक्रमात दर ठोका स्वतः उचलायचा तर खांदा हातात येतो.

तळवा जमिनीकडे आणि काम मनगटाचं, ही जर्मन पकड. अंगठा वर आणि काम बोटांचं, ही फ्रेंच. दोघींच्या मधली, तळवा तिरका ठेवून, ती अमेरिकन. सुरुवात अमेरिकन पकडीनं करा. पुढे जोरदार स्नेअर (समोरचा कडकडीत आवाजाचा ड्रम) वाजवताना हात आपोआप जर्मनकडे झुकतो आणि राइड या बाजूच्या मोठ्या झांजेवर भरभर वाजवताना फ्रेंचकडे. तो झुकू द्या.

आणखी एक पकड दिसेल, तिला ट्रॅडिशनल म्हणतात. उजवा हात नेहमीसारखा, पण डाव्या हातात स्टिक अंगठ्याच्या बेचक्यात आडवी आणि खाली अनामिकेवर टेकलेली. ती कुठून आली हे पथकवाल्यांना लगेच पटेल. लष्करी ड्रम पट्ट्यानं अंगावर लटकवला की एका बाजूला कलतो, आणि कललेल्या ड्रमवर डावा हात वरून आणणं अवघड जातं. पुढे ड्रम स्टँडवर सपाट आला तरी जॅझवाल्यांनी ती सवय सोडली नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले तेव्हा त्यांचा ड्रमर रिंगो स्टार दोन्ही हात सारखेच धरून वाजवत होता. आज रॉकमध्ये सर्रास तेच दिसतं. नवशिक्यानं दोन्ही हात सारखे ठेवावेत. ट्रॅडिशनल पकड दिसते फार रुबाबदार, त्या मोहात मी तीन महिने घालवले.

हात सुटले की पाढे. ड्रमवाले त्यांना रुडिमेंट म्हणतात. परकसिव्ह आर्ट्स सोसायटी या संस्थेनं १९८४ साली ४० रुडिमेंटची यादी पक्की केली. सगळ्या चाळीसांच्या मागे लागू नका. पहिल्या वर्षी चार पुरतात: एकेरी (उ डा उ डा), दुहेरी (उउ डाडा), पॅराडिडल (उ डा उ उ, डा उ डा डा) आणि फ्लॅम, म्हणजे मुख्य ठोक्याला चिकटून आधी पडणारा एक हलका ठोका. दुहेरीतला दुसरा ठोका नेहमी पडका येतो. तो पहिल्याइतकाच भरीव यायला हवा आणि तो उडीतून यायला हवा, हेच पहिल्या वर्षातलं खरं शिक्षण. साठच्या गतीवर वाजवा, कंटाळा आला तरी. गती रोज वाढवणारी मुलं मी पाहिलीत. सहा महिन्यांनी ती पुन्हा साठवर येऊन बसतात. मीही त्यातलाच.

मग पाय. ताशेवाल्याचा पाय म्हणजे मिरवणुकीत चालायला, त्याला दुसरं काम माहीतच नाही. इथे उजवा पाय किक ड्रमवर (पायपट्टीनं वाजणारा मोठा ड्रम), डावा हाय-हॅटच्या पायपट्टीवर. मला सगळ्यात जास्त रडवलं ते डाव्या पायानं. तोंडानं मोजणं हा एकच उपाय मला लागू पडला. वन-अँड-टू-अँड असं फोर-अँडपर्यंत मोठ्यानं म्हणत हाय-हॅटवर आठ ठोके, मोजणीतल्या एक आणि तीनवर किक, दोन आणि चारवर स्नेअर. जगातली निम्मी गाणी एवढ्यावर निभतात. तोंड बंद झालं की पाय चुकतो, करून बघा.

याच दोन आणि चारवर माझी खरी गोची झाली. आपल्या कानाला समेचं वेड. पथकात पहिल्या ठोक्यावर सगळं अंग पडतं. इथे जोर समेवर नाही, तिच्या पुढच्या घरात. पहिल्या तालमीत मी गाणं म्हणता म्हणता स्नेअर एकवर नेऊन ठेवला. गिटारवाला थांबला, बासवाला हसला. पुढचा महिनाभर मी मेट्रोनोमची, म्हणजे टकटक करून गती देणाऱ्या यंत्राची, गती निम्मी करायचो आणि त्याची टकटक 'दोन' आणि 'चार' आहे असं मानून वाजवायचो. सुरुवातीला जमीन सरकल्यासारखं होतं. पण याहून चांगला व्यायाम मला अजून सापडलेला नाही.

शैलींचं बोलायचं तर रॉक आधी, कारण तो सरळ आहे. फंक त्याच्या शेजारचा, पण त्यात जोराच्या ठोक्यांच्या मधे स्नेअरवर अगदी कुजबुजल्यासारखे ठोके असतात. त्यांना घोस्ट नोट म्हणतात. स्टिक कातड्यापासून दोन बोटांवर ठेवायची आणि नुसती पडू द्यायची. फंक गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड ऐका. मोठे ठोके सोडून मधली कुजबुज ऐकायची.

जॅझचा झुलता ठेका मला कागदावर कधीच कळला नाही. कळला तो 'तकिट'मुळे. प्रत्येक मात्रेत मनात तकिट म्हणा आणि मधला 'कि' गिळून टाका. त… ट, त… ट. हा शफल. आता राइडवर पहिल्या मात्रेला नुसता 'त', दुसरीला 'त… ट', तिसरीला पुन्हा नुसता 'त', चौथीला 'त… ट'. डाव्या पायानं हाय-हॅट दोन आणि चारवर मिटायची. झाला जॅझचा राइड. ज्याने लहानपणी दोन वर्षं जरी तबला शिकलाय त्याला हे दहा मिनिटांत येतं, आणि तबला सोडल्याचं वाईट वाटतं. बोसा नोव्हा हा ब्राझीलचा ठेका हॉटेलात वाजवणाऱ्यांना फार लागतो. त्यात स्टिक स्नेअरवर आडवी ठेवून तिचं एक टोक कडेवर टकटकवायचं असतं. आवाज हळू, पण पाय एकसारखा चालू. डबल पेडलचं मेटल मला येत नाही, तेव्हा गप्प बसतो.

आपल्या कार्यक्रमांत मात्र सहाची चाल सोडून चालणार नाही. कोळीगीत आलं की सहा मात्रांत झुलावं लागतं आणि बँडमधला रॉकवाला ड्रमर तिथे हमखास अडखळतो. मराठी ऑर्केस्ट्रात शिरायचं असेल तर ऑक्टोपॅडही शिका. एका चौकटीत आठ पॅड असतात आणि ढोलकीपासून टाळीपर्यंत सगळं त्यातून काढतात. काही ड्रमर त्याला नाक मुरडतात. त्यावर घर चालवणारे माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांचे हात या नाक मुरडणाऱ्यांपेक्षा चांगले आहेत.

ऐकणं कमी करू नका. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यमेळात ड्रम वाजवणारे फ्रँको वाझ, मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू, असे लोक आपल्या शेजारात होऊन गेलेत, आहेत. त्रिलोक हे गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. ते जमिनीवर बसून ड्रम वाजवतात, शेजारी तबला असतो, आणि वाजती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतात. पकड कशी असावी यावर वाद घालण्याआधी ते एकदा बघून घ्यावं.

परीक्षा द्यावी का, असं पालक विचारतात. ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या संस्थांच्या ड्रमच्या परीक्षा आपल्याकडेही होतात, वरच्या टोकाला आठवी श्रेणी. नोटेशन वाचायला शिस्त लागते, हा त्यांचा फायदा. पण वर्षभर तेवढीच तीन गाणी घोटून परीक्षा पास झालेला आणि चौथं गाणं लावलं की गोंधळणारा मुलगाही मी पाहिलाय.

स्टेजवर जाताना स्टिकची एक जोडी जास्त, ड्रमची चावी आणि सतरंजी. सतरंजी विसरू नका. गणपतीतल्या एका कार्यक्रमात फळ्यांच्या स्टेजवर माझा किक ड्रम दर गाण्याला चार बोटं पुढे सरकत गेला. शेवटी मी पाय लांब करून, जवळजवळ आडवा होऊन वाजवत होतो. गायिकेनं मागे वळून बघितलं आणि ओळ विसरली. आणि कानात बोळे घाला. ड्रमचा आवाज कानाजवळ शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. गेलेला कान परत येत नाही.

राहता राहिला सरावाच्या जागेचा प्रश्न. फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट विसरा. मी जाळीच्या पडद्यांचा इलेक्ट्रॉनिक सेट घेतला आणि हेडफोन लावून निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अरे, तुझ्याकडे कुणी रोज मसाला कुटतं का?" हातांचा आवाज जात नव्हता, पण किकच्या पायपट्टीचा धक्का थेट त्यांच्या छतात उतरत होता. जाड रबराची चटई टाकली, तिच्याखाली जुनी गादी घातली, थोडं कमी झालं. मग आमचा तह झाला. त्या संध्याकाळी सहा ते सात देवळात जातात, ती वेळ माझी. संकष्टीला तिथे रांग मोठी असते, त्या दिवशी मला वीस मिनिटं जास्त मिळतात.