ग्रँड पियानोच्या नव्या हॅमरना अचूक छिद्रे कशी पाडावीत

पियानोसाठी छिद्रे न पाडलेले नवे हॅमर (तारेवर आपटणारे, फेल्ट म्हणजे दाबलेली लोकर चढवलेले लाकडी हातोडे) मागवले, की त्यांत शँक (हॅमरचा लाकडी दांडा) बसवण्यासाठी ८८ छिद्रे आपल्यालाच पाडावी लागतात, आणि या कामातला निम्म्याहून अधिक वेळ ड्रिल मशीन सुरू करण्यापूर्वी मोजमापातच जायला हवा.

जुने हॅमर काढण्यापूर्वी त्यांच्यावर क्रमांक घालावेत आणि बास (खालचे स्वर), टेनर (त्याच्या लगतचे मधले स्वर) अशा प्रत्येक विभागातील पहिला व शेवटचा हॅमर नमुना म्हणून शाबूत ठेवावा. छिद्राचा कोन नमुन्यावरून घेता येतो. छिद्राच्या मध्यापासून फेल्टच्या टोकापर्यंतचे अंतर मात्र तसेच उचलू नये, कारण तारांवर आपटून जुने फेल्ट झिजलेले असते आणि त्या मापाने छिद्र टोकाच्या फार जवळ जाते. त्यासाठी की-बेडपासून (कीबोर्ड ज्यावर बसतो त्या फळीपासून) तारेची आणि शँक ज्या पिनवर फिरते तिच्या मध्याची उंची मोजून पहिलीतून दुसरी वजा करावी. बासच्या तारा इतर तारांच्या वरून तिरक्या जात असल्यामुळे त्या विभागाचे अंतर अधिक येते. म्हणून प्रत्येक विभागाच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र मोजणी करावी.

जिगसाठी (प्रत्येक हॅमर ड्रिलखाली त्याच जागी धरणाऱ्या साच्यासाठी) जुना, मुरलेला साग उत्तम, आणि नागपुरात तो मिळवायला फार हिंडावे लागत नाही. ड्रिल प्रेसच्या टेबलावर हॅमर आडवा ठेवून त्याची बाजू सरळ पट्टीला टेकवावी आणि फेल्टचे टोक एका ठोकळ्याला भिडवावे. ठोकळा व बिटचा मध्य यांतील अंतर म्हणजेच आपले माप. फेल्ट दबते, त्यामुळे ते प्रत्येक वेळी हलकेच टेकवावे. एकदा जोराने आणि एकदा हळू दाबले, तर छिद्रे वरखाली होणारच. बासच्या व त्याला लागून असलेल्या टेनरच्या हॅमरना तिरके छिद्र लागते, पण दोघांचा कल परस्परविरुद्ध असतो. टेबल झुकवण्यापूर्वी प्रत्येक हॅमरच्या बासकडील बाजूवर पेन्सिलीने खूण करावी, कारण उलट्या कलाने पाडलेले छिद्र दुरुस्त करण्यापेक्षा नवा हॅमर घेणे परवडते.

बिट मध्यभागी अणी असलेले व धारदार असावे. त्याचा व्यास शँक व्हर्नियरने मोजून ठरवावा आणि आधी रद्दी लाकडात छिद्र पाडून शँक हाताने फिरवता येते, पण लटपटत नाही, याची खात्री करावी. खाली टाकाऊ फळी ठेवली की बिट बाहेर पडताना लाकडाचे टवके उडत नाहीत.

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही हे खरे, परंतु त्याची ओलसर हवा हॅमर आणि शँकवर येऊ देऊ नये. लाकूड फुगले की सकाळी बरोबर बसलेले माप दुपारी घट्ट होते.

आधी फक्त नमुन्यांच्या जागचे नवे हॅमर छिद्रून सरस न लावता शँकवर चढवावेत आणि अॅक्शन (हॅमर चालवणारी यंत्रणा) पियानोत सरकवून एकेक हॅमर हाताने तारेपर्यंत उचलावा. तारेला टेकताना हॅमर तिच्याशी काटकोनात उभा राहिला आणि शेजारच्या हॅमरला घासला नाही, तरच जिगचे स्क्रू पक्के आवळून उरलेले हॅमर हाती घ्यावेत.