किट-घर उभारताय? ठेकेदार नेमताना या चुका टाळा

नाशिकजवळ गिरणारे असो, दिंडोरी असो की त्र्यंबक रोड, प्लॉटवर किट-घर, म्हणजे कारखान्यातून सुट्या भागांत येणारं लोखंडी फ्रेमचं घर, उभारणारे ओळखीचे लोक मला फोन करतातच. फक्त करतात तो ट्रक दारात उभा राहिल्यावर. अंबडला फॅब्रिकेशनमध्ये वीस वर्षं काढली, म्हणून असेल. त्याच त्या चुका ऐकून आता कान किटलेत.

सगळ्यात महाग चूक म्हणजे ‘जोतं काय, आपला नेहमीचा मिस्त्री करेल.’ करेल की. पण विटांच्या घरात इंच-दीड इंच फरक प्लास्टर गिळून टाकतं. किटच्या खांबांना भोकं कारखान्यातच पडलेली असतात, तिथे असला फरक खपत नाही.

माझ्या मावसभावाचं २० बाय ३० फुटांचं घर होतं. मिस्त्री अनुभवी. त्याने चुना मारला, दोरी लावली आणि अँकर बोल्ट (खांब जोत्याला धरून ठेवणारे बोल्ट) नजरेने उभे केले. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर लागला, बोल्ट सरकले, नंतर कोणी मोजलंच नाही. शनिवारी किट आलं, हायड्रा क्रेन आली. चार खांब बसले, पाचवा दीड इंचाने हुकला. किटवाले म्हणाले, “जोतं आमच्याकडे नाही.” मिस्त्री म्हणाला, “बोल्ट तुमच्या कागदाप्रमाणेच.” हायड्रावाला संध्याकाळपर्यंत चहा पीत बसला, भाडं चालूच. एकाने गॅस कटरने बेसप्लेटचं भोक मोठं करायला घेतलं, तेव्हा मी ओरडलोच. शेवटी इंजिनिअरला बोलावून बोल्ट कापले, नवीन ड्रिल मारून केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेले बोल्ट, बसवले. आठ दिवस गेले, हायड्राचं भाडं दोनदा.

तेव्हापासून माझी सवय अशी: बोल्टसाठी पत्र्याचा नव्हे, जाड प्लेटचा फर्मा (बोल्ट जागेवर धरणारा साचा) करून घ्यायचा. ओतायच्या आधी मिस्त्री आणि किटवाल्याचा माणूस, दोघांना जागेवर उभं करायचं. कर्ण मी स्वतः मोजतो. २० बाय ३० ला दोन्ही कर्ण ३६ फूट आणि पाऊण इंचाला थोडे कमी आलेच पाहिजेत, नाहीतर काम गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. दोघांची सही एकाच कागदावर घ्यायची. ओतून झाल्यावर पुन्हा मोजायचं, ती मापं पाठवल्याशिवाय ट्रक निघू द्यायचा नाही. लोकांना हे किचकट वाटतं. ‘आठवड्यात घर उभं’ असं कुठेतरी पाहून आलेले असतात. आठवडा फ्रेमचा, जोत्याचा नाही. नुसत्या क्युरिंगलाच, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, कमीत कमी सात दिवस, आणि फ्लाय-अॅशवालं (कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा.

काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदा. त्यात घासाघीस नको.

दुसरी चूक उचलीची. निम्मे पैसे आधी दिले की मिस्त्री दुसऱ्या साइटवर दिसतो. मी मटेरियल स्वतः आणतो, मजुरी टप्प्याटप्प्याने देतो, आणि शेवटचा दहावा हिस्सा एक पाऊस गेल्याशिवाय देत नाही. यावर तोंड वाकडं करणाऱ्याला मी कामच देत नाही. भाव सगळ्यात कमी सांगणाराही मला नको.

कोणाचं काम कुठे संपतं हे लिहून घ्या: ट्रक कोण उतरवणार, परांची कोणाची, जोतं आणि भिंतीच्या पॅनलमधली फट कोण सील करणार. ही फट नेहमी कोणाचीच नसते, आणि पहिल्या पावसात पाणी तिथूनच आत येतं.

इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर पॅनल बंद व्हायच्या आधी. नंतर बोलावलात तर नवीन भिंत फोडावी लागेल.

जुलैत काम काढू नका. पावसाचं सोडा, पेठ-सुरगाण्याची माणसं भाताच्या आवणीला (लावणीला) गावी जातात. मिस्त्री मात्र ‘उद्या येतील’ असं रोज सांगत राहतो.