क्लच प्लेट आपोआप जळत नाही: या चुका टाळा

गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, क्लच प्लेट गेलेली असते आणि मालक म्हणत असतो, "पार्टच खराब निघाला." अशा गाडीत शेजारी बसलं की पहिला चौक येण्याआधीच कारण दिसतं. डावा पाय क्लचवरून खाली येतच नाही. नीट वापरली तर तीच प्लेट एक लाख किलोमीटरसुद्धा चालते.

इंजिनसोबत फिरणारं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की पकड सुटते आणि इंजिन चाकांपासून वेगळं होतं. पेडल सोडलं की पकड बसते. पेडल पूर्ण दाबलेलं असताना प्लेट घासत नाही, आणि पूर्ण सोडलेलं असतानाही घासत नाही. घासते ती मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर. झीज, वास, धूर, सगळं तिथलंच. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की हाफ क्लचवर लागेल तेवढाच वेळ राहा आणि काम झालं की पाय पेडलवरून काढा.

चढावर गाडी क्लचवर तोलून धरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती बऱ्याचदा 'युक्ती' म्हणून शिकवली जाते. माझी भाची नुकतीच गाडी शिकली होती. घाटात वाहनांची लांब रांग लागलेली, मी शेजारी बसलेलो. गाडी थांबली की ती ब्रेकवर पाय न ठेवता हाफ क्लच आणि ॲक्सिलरेटरवर गाडी जागच्या जागी धरायची. हँडब्रेक लाव म्हटलं तर म्हणाली, "मामा, शिकवणाऱ्यांनीच सांगितलंय, चढावर हँडब्रेकच्या भानगडीत पडायचं नाही. असं धरलं की गाडी मागेही जात नाही आणि बंदही पडत नाही." थोड्या वेळाने करपल्यासारखा वास यायला लागला. तिने काच वर केली, "पुढच्या ट्रकचा असेल." वास आपल्याच गाडीचा असतो हे सुरुवातीला कोणालाच पटत नाही. रांग पुढे सरकली, तिने क्लच पूर्ण सोडला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडत राहिलं, पण गाडी जेमतेम सरकली.

गाडी कशीबशी कडेला घेतली, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि अर्धा तास थांबलो. प्लेट थंड झाल्यावर पकड थोडी परत आली म्हणून घाट उतरता आला. पुढे गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं होतं आणि फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग पडले होते.

त्या वेळी आत काय चाललेलं असतं, ते समजून घ्या. गाडी उभी आहे म्हणजे क्लच प्लेट स्थिर आहे. तिला चिकटून फ्लायव्हील मिनिटाला पंधराशे फेऱ्यांनी घासतंय. इंजिनची ती सगळी ताकद उष्णता होऊन काही मिलिमीटर जाडीच्या अस्तरात जिरते आहे. ते अस्तर गाडी सुटण्यापुरते एक-दोन सेकंद घासणं सहन करण्यासाठी केलेलं असतं. कित्येक मिनिटं तसं घासलं तर ते टिकणार कसं?

माझी पद्धत साधी आहे. चढावर थांबलो की हँडब्रेक आणि न्यूट्रल. निघताना पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, आणि क्लच हळूहळू वर. इंजिनचा आवाज जड झाला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं की क्लच धरायला लागला असं समजायचं. तिथे पाय स्थिर ठेवून हँडब्रेक सोडायचा. गाडी सुटली की क्लच पूर्ण वर आणि पाय बाजूला. काही गाड्यांत हिल असिस्ट असतो, पण तो साधारण दोन सेकंदच ब्रेक धरून ठेवतो. सवय हँडब्रेकचीच लावा.

क्लच कुठे धरतो हे पायाला कळण्यासाठी मोकळ्या सपाट जागेत ॲक्सिलरेटरला हातही न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हलवून बघा. बहुतेक गाड्या तशा हलतात. गाडी हलली की थांबवा, पुन्हा हलवा. नव्याने शिकणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना लगेच मोठ्या रस्त्यावर जायचं असतं. मी मात्र हे नीट जमेपर्यंत कोणालाही दुसरा गिअर टाकू देत नाही. गाडी बंद पडण्याची भीतीही तिथेच जाते. बंद पडली तर पुन्हा सुरू करायची. त्या भीतीपोटी हाफ क्लचवर राहणं त्याहून फार महागात पडतं.

क्लचवर पाय टेकवून ठेवणं

"मी दाबत नाही, नुसता ठेवलाय." पायाचं वजनही दाबच आहे. पेडल थोडं जरी खाली गेलं तरी रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणाऱ्या बेअरिंगवर, विनाकारण भार येतो आणि प्रेशर प्लेटची पकड सैल होऊ लागते. चढावर किंवा भरल्या गाडीत तेवढ्यानेही प्लेट घसरते. हे नुकसान हळूहळू होतं, वास येत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. क्लचच्या डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली असते, ती वापरा. गिअर बदलून झाला की पाय तिथे गेलाच पाहिजे. मी शेजारी बसतो तेव्हा प्रत्येक गिअरनंतर "पाय" एवढंच म्हणतो. ऐकणाऱ्याला राग येतो, पण सवय लागते.

ब्रेकच्या आधी क्लच दाबणं

समोर काही दिसलं की दोन्ही पाय एकदम खाली, ही घाबरल्याची खूण. क्लच दाबला की इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आधी ब्रेक लावा. वेग उतरून इंजिन धडधडायला लागणार असं वाटलं की मग क्लच. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं तर धोक्याचं आहे, कारण लांब उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. इंधन वाचतं, ही समजूतही चुकीची. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

बाकीच्या चुका थोडक्यात. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसू नका, न्यूट्रल करा. थांबलेली गाडी दुसऱ्या गिअरवर हलवू नका. सीट इतकी मागे नको की क्लच पूर्ण दाबताना गुडघा सरळ व्हावा. पेडलखाली मॅट सरकली आहे का, तेही बघा. क्लच अर्धवट दाबला गेला की गिअर टाकताना खर्र आवाज येतो. रिव्हर्सला मात्र गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन सेकंद जाऊ द्या आणि मगच गिअर टाका.

बिघाड ओळखताना

वेगात असताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर प्लेट घसरते आहे. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट लावा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. चालूच राहिलं तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करा, कारण यातही प्लेट घासतेच.

क्लच दाबल्यावर घरघर येत असेल तर मी आधी रिलीज बेअरिंगवर संशय घेतो. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलून घ्या. गिअरबॉक्स उतरवण्याचं काम मोठं असतं, त्यामुळे फक्त प्लेट बदलून वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात. नवी प्लेट बसवल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी फार ताणू नका.

पेडल लिबलिबीत लागत असेल किंवा खाली जाऊन वर येत नसेल, तर हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये हवा शिरली आहे किंवा फ्लुइड गळतंय. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या फ्लुइडची टाकी एकच असते. पातळी उतरलेली दिसली तर नुसतं फ्लुइड भरून पुढे जाऊ नका. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.