जर्मनीत रूम फायनल करायच्या आधी बस बघा

आपली पोरं रूम बघताना भाडं बघतात, किचन बघतात, बस मात्र कोणीच बघत नाही. सोलापुरात चौकात उभं राहिलं की शेअर रिक्षा मिळते त्यामुळे टाइमटेबल बघायची सवयच नाही आपल्याला, आणि तिकडे सगळा दिवस त्याच्यावरच चालतो.

तर जुळे सोलापुरात घरी बसूनच हे करा. रूमचा पत्ता गूगल मॅप्सवर टाका, कॉलेजचा टाका, आणि वेळ बदलून दोनदा बघा, सोमवारी सकाळी ८ आणि रविवारी रात्री ११. सोमवारी दर दहा मिनिटाला असलेली बस रविवारी तासाला एक होऊ शकते, लायब्ररीतून किंवा पार्टटाइम जॉबवरून रात्री येणार असाल तर शेवटची बस किती वाजता हे भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे. स्टॉपपासून रूम पायी किती तेही बघा, डिसेंबरात साडेचारच्या आसपासच अंधार पडतो.

स्टॉपची खूण म्हणजे पिवळ्या गोलात हिरवा एच. तिथं कागद लावलेला असतो, डावीकडे तास आणि पुढे मिनिटं. ७ च्या पुढे १२ आणि ४२ लिहिलंय म्हणजे ७:१२ आणि ७:४२. सोमवार ते शुक्रवार, शनिवार, रविवार हे रकाने वेगळे, सणाच्या सुट्टीला रविवारचा रकाना बघायचा. गाड्या उजवीकडून चालतात त्यामुळे तुमच्या दिशेचा स्टॉपही रस्त्याच्या उजव्या बाजूलाच, तरी चढताना बसवरचं शेवटच्या स्टॉपचं नाव वाचाच. उतरायच्या आधी लाल बटण दाबा.

पासचं युनिव्हर्सिटीला आधीच मेल करून विचारा. बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर फीमध्येच डॉइचलँड सेमिस्टर तिकीट येतं, त्यावर देशभरातल्या सिटी बस, ट्राम, लोकल गाड्या चालतात, आयसीई सारख्या फास्ट गाड्या नाही चालत. पास मोबाइलमध्ये असेल तर चार्जिंग सांभाळा, विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड आहे आणि तपासणारे साध्या कपड्यातसुद्धा असतात.

चालताना रस्ता ओलांडायचा तर आधी डावीकडे बघायचं, आपल्या सवयीच्या बरोब्बर उलटं, पहिले काही आठवडे मुद्दाम थांबून बघा प्लीज. फुटपाथला लागूनच सायकलची लेन असते, बऱ्याचदा लाल रंगाची, तिच्यावर चालू नका, सायकलवाले जोरात येतात. आणि थंडीचे बूट इथून नेऊ नका, बर्फावर ग्रिप धरणारा सोल तिकडच्याच दुकानात बघून घ्या.