रियाजाला बसताना नुसतं ध्येय नको, हेतूही ठरवा. कसा ते सांगतो

विशारद व्हायचंय, परीक्षेआधी दोन राग बसवायचेत, दिवाळी पहाटला गायचंय. गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा, अशीच उत्तरं येतात आणि त्यात वाईट काहीच नाही, तारीख समोर असली की माणूस निदान तंबोऱ्यापाशी बसतो तरी. पण प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सगळी सर्टिफिकेटं घेतली आणि मग गाणंच सुटलं अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. परीक्षा संपली, रोज बसायचं कारणही संपलं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी सगळी ध्येयं वहीत लिहून काढा आणि प्रत्येकापुढे ते कुणाच्या हातात आहे तेही लिहा. निकाल परीक्षकाच्या हातात, कार्यक्रम आयोजकाच्या, रीलचे व्ह्यूज तर कुणाच्याच नाहीत. ती यादी फाडू नका, राहू दे तिथेच.

मग पुढच्या पानावर एकच वाक्य लिहा, तोच तुमचा हेतू, आणि इथे घाई करू नका कारण सगळं याच्यावरच आहे. ते आजच करता आलं पाहिजे, दुसऱ्या कुणावर अवलंबून नको आणि जमलं की नाही ते आपल्याच कानाला कळलं पाहिजे. ‘यमन सुधारायचाय’ हे फार मोघम झालं. ‘स्वर लावायच्या आधी तो मनात ऐकेन’ हे चालेल. तबला वाजवत असाल तर ‘गायकाचा आलाप चालू असताना ठेका साधा ठेवेन, मध्ये भरणार नाही.’

भूप रागाचंच घ्या. भूप आणि देशकार दोन्हींत स्वर तेच, सा रे ग प ध, पण भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, आणि देशकारात धैवत (ध). महिन्यात वीस ताना बसवायच्या हे ध्येय झालं. ‘आज धैवतावर रेंगाळणार नाही, गंधाराकडे परत येईन’ हा हेतू. एवढं धरून बसलात तर थोड्याच वेळात कळतं की सां ध प असं उतरताना आपण धैवतावर टेकतोय आणि देशकार डोकावतोय, आणि हे तानांच्या मागे धावताना ऐकूच येत नाही हो. एका रागाची ओळख अशी हळूहळू पक्की होते.

गायच्या आधी पाच मिनिटं नुसता तंबोरा ऐका. जवारी, म्हणजे तारेची गुंज, नीट लागली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा च्या तारेतून गंधार ऐकू येतो, कुठलीही तार गंधारात लावलेली नसताना. तानपुऱ्याचं ॲप वापरत असाल तर इअरफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज नीट येत नाही. मग ते वाक्य एकदा मनात म्हणा आणि सा लावा.

रियाज झाल्यावर वहीत एक ओळ, हेतू कुठे सुटला तेवढीच. ‘मध्य लय सुरू झाली की विसर पडतो.’ बास. स्वतःला मार्क देऊ नका, ते परीक्षक देतीलच.

कार्यक्रमाच्या दिवशी हेतू अजून छोटा करा. विलंबित (संथ) एकतालाची पहिली दोन-तीन आवर्तनं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, घाईने यायचं नाही, एवढंच पुरतं, तेवढ्यात श्वास बसतो आणि पुढचं गाणं आपोआप मोकळं होतं.

मधेच कधी वाटेल की आपण मागे जातोय. तेव्हा हरिप्रसाद चौरसियांची आठवण ठेवा. बासरीवादक म्हणून नाव झालेलं असताना ते सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून शिकले. आणि अन्नपूर्णादेवी स्वतः कित्येक दशकं जाहीर मैफलीत वाजवत नव्हत्या, मुंबईत घरीच शिकवत होत्या. नुसत्या ध्येयांच्या यादीत यातलं काहीच बसत नाही, आणि तरी संगीतात याहून मोठं काम कुठलं ते सांगा.

वाक्य रोज बदलू नका. आठवण करून न देता ते व्हायला लागलं की नवं घ्या. आणि नवं घेताना गुरुजींना किंवा ताईंना दाखवा, तुम्हाला जे ऐकू येत नाही ते त्यांना येतं, त्यांनी बदलून दिलं तर तेच घ्या.