रिंग वाजते पण आवाज येत नाही: ऑफिसात आयपी फोन बसवताना आणि बिघडल्यावर

जुन्या ईपीएबीएक्सची (ऑफिसातल्या लहान टेलिफोन एक्सचेंजची) कार्डं आता मिळत नाहीत, दुरुस्त करणारे पण कमी झालेत, त्यामुळे बरीच छोटी ऑफिसं इंटरनेटवरच्या फोनकडे वळतायत. निर्णय चांगलाच आहे. पण होतं काय, बसवणारा माणूस टेबलावर फोन मांडतो, दोन कॉल लावून दाखवतो आणि जातो, आणि आठवड्याभरात "समोरच्याचं मला ऐकू येतंय, माझं त्याला जात नाहीये" सुरू होतं. मग फोन सेवा देणारी कंपनी म्हणते नेट खराब, नेटवाला म्हणतो फोन खराब, आणि रिसेप्शनवरची मुलगी दोघांच्या मधे अडकते. तिच्यासाठी आणि तिच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं बघणाऱ्यासाठी हे सगळं लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॉल एका रस्त्याने जात नाही, दोन रस्त्यांनी जातो. रिंग देणं, उचलणं, ठेवणं हे काम सिप नावाचा प्रोटोकॉल करतो, साधारण ५०६० पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचा नंबर दिलेला दरवाजा). आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने जातो, त्याचे पोर्ट वेगळे, ॲस्टेरिस्क या फोन एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा १०००० ते २००००. म्हणजे रिंग वाजली याचा अर्थ फक्त पहिला रस्ता मोकळा आहे एवढाच. तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की बिघाड रिंगच्या रस्त्यावर आहे का आवाजाच्या, कारण दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे असतात.

बसवताना

समजा पंधरा माणसांचं सीएचं ऑफिस आहे. एका वेळी पाच कॉल चालले तरी खूप झाले. जी.७११ कोडेकला (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत) एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे पाच कॉलना अर्धा एमबीपीएस पण नाही. त्यामुळे "फोनसाठी २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आवाजाला स्पीड नाही, सातत्य लागतं. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा, सेकंदाला ५०, आणि ती वेळेवर पोचली पाहिजेत. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की बोलणं नीट होतं, त्याच्या बराच वर गेला की दोघं एकदम बोलायला लागतात.

प्लॅन घेण्याआधी राउटरमधला वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. फोन सिस्टिम क्लाउडवर असेल तर तेवढ्याने अडत नाही. पण फोन सिस्टिमचं मशीन (पीबीएक्स) ऑफिसात ठेवणार असाल आणि घरून काम करणाऱ्यांना एक्स्टेन्शन द्यायचं असेल तर स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) मागून घ्याच. माझं मत विचाराल तर ज्या ऑफिसात लिनक्स कळणारा एकही माणूस नाही तिथे क्लाउडच बरं. कोणीतरी हौशी आहे, शिकायची तयारी आहे, तर फ्रीपीबीएक्स (ॲस्टेरिस्कवर चालणारी, ब्राउझरमधून सेट करता येणारी सिस्टिम) उत्तम, फुकट आहे आणि आत काय चाललंय ते सगळं दिसतं.

जुना लँडलाइन नंबर सोडू नका. वर्षानुवर्षं पाटीवर, लेटरहेडवर, गिऱ्हाइकांच्या डायरीत तोच नंबर आहे. फायबरच्या डब्यावर मागे फोनचं छोटं पोर्ट असतं, त्यातून वायर एफएक्सओ गेटवेला (लँडलाइन आयपी सिस्टिमला जोडणाऱ्या डब्याला) लावली की तोच नंबर नव्या सिस्टिममध्ये येतो. फक्त गेटवेत भारताचा बिझी टोन भरा: ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. हा भरला नाही तर समोरच्याने फोन ठेवला तरी गेटवेला कळत नाही, लाइन तशीच अडकून राहते आणि दिवसभर लोक "तुमचा फोन सारखा एंगेज" म्हणत राहतात.

फोनला शक्यतो पीओई स्विचमधून (नेटवर्कच्या वायरमधूनच वीज देणाऱ्या) वायरनेच जोडा, म्हणजे प्रत्येक टेबलावर ॲडॉप्टर नको. वायफायवरचे फोन डेमोला छान चालतात, माणसांनी भरलेल्या ऑफिसात नाही. आणि यूपीएस फक्त कॉम्प्युटरला देऊन थांबू नका, फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि पीबीएक्स चारही त्यावर पाहिजेत, एक जरी सुटला तरी लाइट गेली की फोन गेला. जुना लँडलाइन एक्सचेंजमधून येणाऱ्या करंटवर चालायचा, ती सवय लोकांच्या अंगात आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

आता नंबरांचं. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि नंतर रोज त्रास होतो. जुन्या सिस्टिमवर "झिरो दाबून लाइन घ्यायची" ही सवय असते. पण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावावं लागतं. म्हणजे लाइनचा शून्य वेगळा, मोबाइलचा शून्य वेगळा, आणि माणसं गोंधळतात. त्यापेक्षा लाइनचा शून्य काढूनच टाका, आणि आउटबाउंड राउटमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या नियमात) लिहा की ६, ७, ८, ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला तर पुढे शून्य आपोआप लावायचा. काही फोन कंपन्यांना शून्याऐवजी ९१ हवा असतो, ते विचारून घ्या. मिस्ड कॉलवरून परत लावताना नंबर +९१ सकट येतो, त्याचाही पॅटर्न टाका, नाहीतर "कॉल येतो पण परत लागत नाही" ही तक्रार येणारच. एक्स्टेन्शन २०१ पासून पुढे द्या, १०० च्या घरात देऊ नका, कारण १००, १०१, १०८, ११२ हे मोकळे राहिलेच पाहिजेत. कोणाला चक्कर आली आणि १०८ लावल्यावर अकाउंट्सच्या टेबलावर रिंग वाजली, असं व्हायला नको.

बिघडल्यावर

आधी कुठपर्यंत ठीक आहे ते बघा. ऑफिसातल्या ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्याला लावा. मग फ्रीपीबीएक्स असेल तर *४३ लावा, तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येतो, तो स्वच्छ आला तर फोन, वायर, स्विच, पीबीएक्स सगळं पास. मग बाहेरून मोबाइलने आत, मग आतून बाहेर. क्लाउडवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमचा टेबल ते टेबल कॉल पण बहुतेक वेळा बाहेर जाऊनच परत येतो.

आवाज एकाच बाजूने येत असेल, तर बहुतेक वेळा गोष्ट अशी असते की तुमची सिस्टिम फोन कंपनीला सांगते, "आवाज मला १९२.१६८ अमुक तमुक पत्त्यावर पाठवा", आणि तो पत्ता ऑफिसच्या भिंतीबाहेर कोणाला माहीतच नसतो. फ्रीपीबीएक्समध्ये सिप सेटिंग्जमध्ये एक्स्टर्नल ॲड्रेस आणि लोकल नेटवर्क अशा दोन जागा आहेत, त्या नीट भरा. दुसरा संशयित म्हणजे राउटरमधलं सिप एएलजी. मदत करायला म्हणून दिलेलं असतं, पण पॅकेटमधले पत्ते अर्धवट बदलून ठेवतं. बंद करा. मायक्रोटिकमध्ये आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्समध्ये जाऊन सिप डिसेबल. नेटवाल्याने दिलेल्या डब्यात हा ऑप्शन लपवलेला असेल तर त्यांना फोन करून बंद करून घ्या किंवा डबा ब्रिज मोडला (नुसती लाइन पुढे देणाऱ्या) टाकून स्वतःचा राउटर लावा.

कॉल बरोबर ३२ सेकंदांना तुटतो? हा बिघाड घड्याळ लावून ओळखता येतो. तुम्ही फोन उचलला की सिस्टिम २०० ओके पाठवते आणि समोरून पोच यायची वाट बघते. पोच आली नाही की परत पाठवते, परत पाठवते, आणि सिपच्या नियमाप्रमाणे ३२ सेकंदांनी कंटाळून कॉल ठेवून देते. आवाज तोपर्यंत छान चालू असतो, म्हणून लोक नेटला शिव्या देतात, पण नेट ठीक असतं, पोच चुकीच्या पत्त्यावर जात असते. उपाय तेच दोन वरचे. कॉल दर वेळी १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर मात्र सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारी सेटिंग) बघा.

फोन लागतो, अर्ध्या तासाने इनकमिंग बंद होतं, आणि आपण एक कॉल लावला की परत चालू होतं, हे राउटर वाट बंद करून टाकतो म्हणून होतं. फोनमध्ये कीप अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला पाठवायचा छोटा संदेश) ३० सेकंद किंवा त्याच्या आत ठेवा.

आवाज तुटक, रोबोटसारखा येत असेल तर वेळ लिहून ठेवा. ठरावीक वेळीच होतंय ना? मग कोणीतरी त्या वेळी अपलोड भरून टाकतंय, ड्राइव्हवर बॅकअप किंवा सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग. एका कॉम्प्युटरवर पिंग (पॅकेटला जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी कमांड) चालू ठेवून बॅकअप सुरू करा, आकडे १० वरून ३०० वर उड्या मारताना डोळ्यांनी दिसतील. राउटरमध्ये एकूण अपलोड प्लॅनच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा आणि फोनच्या पॅकेटना, म्हणजे डीएससीपी ४६ ही खूण असलेल्यांना, पहिली पाळी द्या. तुमच्या राउटरच्या पुढे नेटवाला ही खूण बहुतेक पाळत नाही, पण अडचण सहसा तुमच्याच दाराशी असते, तेवढं पुरतं.

बँकेच्या आयव्हीआरवर ("यासाठी एक दाबा" सांगणाऱ्या मशीनवर) आकडा दाबला तरी "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही" येत असेल तर फोन आणि ट्रंक (फोन कंपनीकडे जाणारी लाइन) दोन्हीकडे डीटीएमएफ, म्हणजे दाबलेले आकडे पाठवायची पद्धत, आरएफसी ४७३३ वर ठेवा, काही स्क्रीनवर याचं जुनं नाव आरएफसी २८३३ दिसेल, तेच आहे ते.

लॉग बघायला घाबरू नका. एसएनग्रेप नावाचं टूल टाका, कॉलची सगळी देवाणघेवाण बाणांनी दिसते. रजिस्टर करताना पहिल्यांदा ४०१ येतो तो नॉर्मल आहे, सर्व्हर पासवर्ड मागतोय एवढंच. परत परत ४०१ किंवा ४०३ आला तर पासवर्ड चुकलाय. ४०८ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. ४८८ म्हणजे कोडेक जुळत नाही. ४०४ आला की नंबरचा फॉरमॅट बघा, तो शून्य किंवा ९१.

चोरी

हे मनापासून सांगतो, ५०६० पोर्ट जगासाठी उघडा ठेवू नका. इंटरनेटवर बॉट सारखे फिरत असतात, एक्स्टेन्शन २०१ आणि पासवर्ड पण २०१ असेल तर तो सापडायला वेळ लागत नाही, मग शनिवारी रात्री तुमच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं. फायरवॉलमध्ये फक्त फोन कंपनीचे आयपी आत येऊ द्या, घरच्या एक्स्टेन्शनला व्हीपीएन, पासवर्ड लांब आणि वेडेवाकडे, फेलटूबॅन (चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्यांना अडवणारं टूल) चालू. आयएसडी लागत नसेल तर आपल्या राउटमधून काढाच, शिवाय कंपनीकडूनही लेखी बंद करून घ्या. आणि कोणी "परदेशातले कॉल तुमच्या सिस्टिममधून लोकल नंबरांवर सोडू, महिन्याला पैसे देतो" म्हणत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो सरळ गुन्हा आहे.

एवढं करून पण दोष कंपनीच्याच बाजूला निघाला तर "आवाज येत नाही" एवढं लिहून तक्रार टाकू नका, त्यावर ते "राउटर रीस्टार्ट करा" म्हणतात आणि तिकीट बंद करतात. कॉलची तारीख, सेकंदांसकट वेळ, कोणाकडून कोणाला, लॉगमधला कॉल आयडी, आणि आवाज नेमका कोणत्या बाजूचा गेला, एवढं लिहा आणि एसएनग्रेपमधून सेव्ह केलेली फाइल जोडा.