नेव्हीत जायचंय? मग फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

"बारावी सायन्स झालंय, 78 टक्के आहेत, नेव्हीत होईल ना?" भरतीची जाहिरात आली की असे फोन मला रोज येतात. मी स्वतः एसएसआर (सिनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीवर घेतलेला नौसैनिक) म्हणून भरती झालो होतो, 15 वर्षं नौदलात काढून गावी आलोय, त्यामुळे आजूबाजूच्या गावातली पोरं हक्काने विचारतात आणि मलाही सांगायला आवडतं. माझा पहिला उलटा प्रश्न ठरलेला असतो, मॅथ्स होतं का? बऱ्याच जणांचा आवाज तिथेच बसतो.

आपल्याकडे अकरावीला पीसीबी घेऊन मॅथ्स सोडता येतं, नीटचा क्लास लावलेला असतो, मॅथ्सच्या जागी जॉग्रफी नाहीतर दुसरा कुठलातरी स्कोरिंग विषय घेतात, आणि दोन वर्षांनी नीटमध्ये नंबर लागला नाही की मग नेव्हीची आठवण येते. पण अग्निवीर (म्हणजे आताची चार वर्षांची भरती) एसएसआरला बारावीत मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही पाहिजेत, त्याला पर्याय नाही. बायोवाल्यांसाठी मेडिकल असिस्टंटची वेगळी एंट्री निघते, तिच्यावर लक्ष ठेवा, पण तिच्या जागा निघतील तेव्हाच खऱ्या. म्हणून ज्यांच्या घरात दहावीचं पोर आहे आणि वर्दीचं स्वप्न आहे त्यांनी मॅथ्स सोडू नका, एवढं एक ऐकलंत तरी पुरे.

पोरं पळण्यात मागे पडून बाहेर जातात असं सगळ्यांना वाटतं. मी बघितलंय ते वेगळं आहे. विषय चुकलेले, कागदावर नाव चुकलेलं, दात कान डोळे कधी दाखवलेलेच नाहीत, अशा गोष्टींवरून चांगली काटक पोरं घरी आलेली बघितलीत, आणि ह्या सगळ्या गोष्टी सहा महिने आधी आपल्या हातात असतात.

आधी एक गोंधळ मिटवू. "नेव्ही" म्हणजे भारतीय नौदल, संरक्षण मंत्रालयाखालचं, युद्धनौका पाणबुड्यांचं. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांवरची नोकरी, ती डीजी शिपिंगच्या नियमाने चालते, तिथे सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदीचं पुस्तक) काढावी लागते आणि पगार कंपनी देते. कोकणात तर घरटी कोणीतरी "शिपवर" असतो त्यामुळे दोन्ही एकच समजतात. कोस्ट गार्ड हे तिसरं, त्याची भरती वेगळी. अमुक लाख भरा, नेव्हीत लावून देतो असं कोणी म्हणालं तर तो एकतर मर्चंट नेव्हीचा एजंट आहे किंवा सरळ फसवणारा आहे. भारतीय नौदलात पैसे भरून जागा मिळत नाही, फक्त परीक्षेची फी लागते, मागच्या भरत्यांना ती 550 रुपये अधिक जीएसटी अशी होती, ती पण ऑनलाइन, नौदलाच्या जॉइन इंडियन नेव्ही वेबसाइटवरच.

आता दरवाजे किती आहेत ते बघा.

दहावीवर अग्निवीर एमआर, म्हणजे मॅट्रिक रिक्रूट. शेफ, स्टुअर्ड (वाढपी), हायजिनिस्ट (साफसफाई) ही कामं. दहावीला किमान 50 टक्के. काही पोरांना हे काम हलकं वाटतं, तसं अजिबात समजू नका, भर पावसाळ्यात जहाज हलत असताना दीड-दोनशे माणसांचं गरम जेवण वेळेवर काढणारा शेफ जहाजावर सगळ्यांना प्रिय असतो.

बारावीवर अग्निवीर एसएसआर. मॅथ्स फिजिक्ससहित एकूण 50 टक्के. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाईल, कॉम्प्युटर अशा शाखांचा तीन वर्षांचा डिप्लोमा झालेल्यांनाही भरता येतो, हे पॉलिटेक्निकच्या पोरांना माहितच नसतं. वय साधारण साडेसतरा ते 21, पण जाहिरातीत जन्मतारखा दिलेल्या असतात, त्याच बघा, एका दिवसाने पण हुकतं. मुलीही भरू शकतात. लग्न झालेलं चालत नाही आणि चार वर्षं करताही येत नाही, घरात कोणी घाई करत असेल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि ऑफिसरचा दरवाजा. ज्याला 80-85 टक्के आहेत, इंग्रजी बरं आहे, तो थेट अग्निवीरचा फॉर्म भरायला बसला की मी त्याला आधी थांबवतो, अरे एनडीए (तिन्ही दलांचे ऑफिसर घडवणारी अकॅडमी) बघितलीस का? बारावीला असतानाच देता येते, यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, आणि अकॅडमी आपल्या पुण्यात, खडकवासल्याला. तीन वर्षं तिथे आणि पुढे केरळात एझिमलाला नेव्हल अकॅडमी. दुसरी वाट म्हणजे टेन प्लस टू बीटेक, जेईई मेनच्या रँकवर बोलवतात, बारावीला पीसीएममध्ये 70 टक्के लागतात, इंजिनिअरिंग एझिमलालाच होतं आणि खर्च सगळा नौदलाचा. दोन्हीकडे एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाचा इंटरव्ह्यू असतो, पाच दिवसांचा, पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, त्यात बाहेर पडलात तर त्याच दिवशी घरी. त्याच्या तयारीला सरकारी सोयी आहेत, दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून एसपीआय (एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) आहे, नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झालीय, आणि एसएसबीचा कॉल आलेल्यांसाठी नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तालुक्यातल्या अकॅडमीला पन्नास हजार भरण्याआधी ह्यांची चौकशी करा ना.

कागदपत्रांचं काय करायचं? हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच पोरं अडकतात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. कुठे वडिलांच्या नावाला "राव" लावलेलं, कुठे नाही, कुठे स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच नाव खरं धरा आणि बाकी सगळं त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आधार, बँक, डोमिसाईल, जातीचा दाखला, सगळं. आधारची दुरुस्ती आठवड्यात होत नाही, कधी कधी दोन-तीन चकरा होतात, म्हणून जाहिरातीची वाट न बघता आत्ताच जा. फॉर्म शक्यतो स्वतः भरा. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकला आणि पोराला कॉल लेटर आलेलं कळलंच नाही, हे आमच्याच भागात झालंय.

परीक्षा कॉम्प्युटरवर होते. एसएसआरला 100 प्रश्न आणि एक तास, इंग्रजी, सायन्स, मॅथ्स आणि जीके. एमआरला 50 प्रश्न आणि अर्धा तास. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. पेपर हिंदी इंग्रजीत असतो, मराठी मीडियमच्या पोरांनी सायन्सचे शब्द इंग्रजीत पाठ करून ठेवा, घनता म्हणजे डेन्सिटी हे तिथे आठवत बसलात तर वेळ गेला.

पळण्याचं सांगतो. मुलांना 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटात, मुलींना 8 मिनिटात. शिवाय उठाबशा, पुशअप, सिटअप. उठाबशा मुलांना 20, मुलींना 15. खरं सांगू का, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला हे जड नाहीये. फक्त पहिले 400 मीटर जीव तोडून पळू नका, सगळे तिथेच दम घालवतात, आणि आधीच्या दिवसांत एकदा तरी दमट हवेत, सकाळी नऊनंतर पळून बघा, कारण तिथे तुमची पहाटेची थंड हवा नसेल.

मेडिकलला काय बघतात? सगळं बघतात. कानात मळ, दातावर किटण, पडलेले किडके दात, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, नाकातला वाकडा पडदा, हायड्रोसील, व्हेरिकोसील, मूळव्याध, आणि रंग ओळखणं. रंगांधळेपणा असेल तर उपाय नाही, ते आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पंधरा मिनिटात कळतं, मग दोन वर्षं तयारी करण्याआधीच बघा की. कान साफ करून घ्या, दात डेंटिस्टकडून साफ करून घ्या, सरकारी दवाखान्यात स्वस्तात होतं. टॅटू मनगट ते कोपर ह्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला असेल तर चालतो, इतर ठिकाणी नाही, त्यामुळे यात्रेत गोंदवून घेण्याआधी विचार करा. अनफिट केलं तर 21 दिवसांच्या आत ठरवून दिलेल्या मिलिटरी हॉस्पिटलला अपील करता येतं, खूप पोरं रडत थेट घरी येतात आणि मुदत घालवतात. अपील करा.

पोहता येत नाही, चालेल का? चालेल. मी विहिरीत पोहायला शिकलेलो, माझ्या शेजारच्या बेडवरचा पोरगा दुष्काळी भागातला होता, त्याने कमरेएवढं पाणीही बघितलं नव्हतं, ट्रेनिंग संपेपर्यंत तो माझ्यापेक्षा लांब पोहत होता. तिथे शिकवतात, पाण्यात उतरायची तयारी पाहिजे.

ट्रेनिंग होतं आयएनएस चिल्काला, ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी. नाव आयएनएस असलं तरी ते जहाज नाही, जमिनीवरचा तळ आहे, पण नौदलात तळालाही जहाजच मानतात, जमिनीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली, संडासाला हेड्स, आणि गेटबाहेर बाजारात जायचं तर "अशोर" जायचं. पहिल्या दिवसांत ह्या भाषेनेच डोकं फिरतं. पहाटे उठणं, पीटी, परेड, पोहणं, होडी वल्हवणं, फायरिंग, वर्ग, आणि पांढरे कपडे धुणं, त्या पांढऱ्या कपड्यांवर जेवढे डोळे असतात तेवढे कशावर नसतात. घरी आतापासून आपले कपडे आपण धुवा, इस्त्री करा, बूट पॉलिश करा. मोबाईल मनासारखा मिळत नाही. पहिले तीन आठवडे घरची आठवण खूप येते, मी रात्री पांघरुणात रडलोय, पण चौथ्या आठवड्यापासून शेजारची पोरं घरच्यासारखी होतात.

मग ट्रेडप्रमाणे पुढचं शिक्षण. इंजिनवाले लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, इलेक्ट्रिकलवाले जामनगरला आयएनएस वलसुराला, तोफांचं कोचीला. नंतर जहाज.

जहाजावर चार तासांची वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी असते, संध्याकाळी चार ते आठची मात्र दोन-दोन तासांत तोडलेली, म्हणजे रोज एकाच माणसाच्या वाट्याला मध्यरात्रीची वॉच येत नाही, पाळी सरकत जाते. झोप तुकड्या-तुकड्यांत घ्यायला शिकावं लागतं. आणि समुद्र लागतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात गेलात तर भल्याभल्यांना उलट्या होतात, त्यात लाज नाही. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडी बिस्किटं आणि लिंबू जवळ ठेवा, जमेल तेव्हा उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघा, आणि हातातलं काम सोडू नका, बंकवर पडून राहिलात तर जास्त त्रास होतो. फोनला रेंज नसते, आईला आधीच सांगून ठेवा की दहा दिवस फोन आला नाही तरी मी ठीक आहे.

पैसे आणि चार वर्षांनंतर काय, हे आता सगळ्यात जास्त विचारतात. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली. पहिल्या वर्षी महिना 30,000, मग 33,000, मग 36,500, चौथ्या वर्षी 40,000, आणि दर महिन्याला 30 टक्के कापून सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात) जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21,000 अधिक भत्ते. सरकार तेवढेच टाकतं, चार वर्षांनी 10.04 लाख आणि त्यावरचं व्याज, टॅक्स नाही. 48 लाखांचा विमा आहे. पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही. आणि जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होतात. मला पेन्शन मिळते, तुम्हाला ती मिळेलच असं नाही, हे मी कुठल्याही पोराला गोड करून सांगत नाही. म्हणून आत गेल्यावर पहिल्या दिवसापासून कोर्सला मार्क चांगले ठेवा, शिस्तीची तक्रार येऊ देऊ नका, दहावीवर गेलेल्यांनी एनआयओएसमधून (केंद्राच्या मुक्त शाळेतून) बारावीची सोय आहे ती पूर्ण करा, आणि त्या दहा लाखांवर आत्तापासून ट्रॅक्टरचं किंवा बहिणीच्या लग्नाचं गणित मांडू नका. चोविसाव्या पंचविसाव्या वर्षी तुम्हाला ते स्वतःसाठी लागणार आहेत.

शेवटचा प्रश्न नेहमी आयांचा असतो, पोराला बघायला जाता येईल का. ट्रेनिंग संपताना होणाऱ्या पासिंग आऊट परेडला बोलवतात. अग्निवीरांची पहिली बॅच 28 मार्च 2023 ला बाहेर पडली तेव्हा ती परेड सूर्य मावळल्यावर झाली होती आणि त्यात 273 मुली होत्या. तारीख कळली की लगेच रिझर्वेशन करा, मुंबई पुणे सोलापूरवरून कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरला जाते, चिल्का त्याच्या अलीकडेच आहे, दीड दिवसाचा प्रवास आहे. डब्यात टिकतील अशा चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, पोरगा आधी तीच मागेल.